तुतिकोरिनचे दहा हजार फर्नांडो

माझ्या हातून जे झालं ते मी आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी मला साळसूद म्हणायला नको. मी दहा हजार माणसं विकत घेतली. तिरुप्पूरच्या एका माणसाकडून, साडेतीन हजार रुपयांत, घरपोच.

माणसं म्हणजे फोनवरची, आमच्या कंपनीच्या पेजला फॉलो करणारी. कोइम्बतूरच्या आवारम्पाळयम भागात आमचा कारखाना. इडली-डोशाचं पीठ वाटायचे दगडी ग्राइंडर आम्ही बनवतो, नाव ‘करुंगल’. पंचेचाळीस वर्षांचा धंदा. मी तिथं माल पाठवायच्या खात्यात चलनं फाडत सुखानं बसले होते. पण मालकांचा मुलगा कदिर बेंगलोरला जाऊन शिकून आला आणि त्याला साक्षात्कार झाला की गिऱ्हाईक आता दुकानात नाही, फोनमध्ये बसलंय. सगळ्या हापिसात चांगला फोन कुणाकडं? माझ्याकडं, तोही हप्त्यावरचा. झालं! ‘तेन्मोळी, आजपासून पेज तू बघायचं,’ म्हणाला, आणि चलनांवर दुसरी मुलगी बसवली.

मी काय काय नाही केलं! फॉलो करा आणि उलथनं मिळवा. फॉलो करा, तीन मैत्रिणींना सांगा आणि ग्राइंडर जिंका. ग्राइंडर जिंकला आमच्याच वॉचमनच्या मेहुणीनं, कारण तेव्हा पेजवर होते सहाशे लोक आणि त्यातले पाचशे कारखान्यातल्यांचे सोयरेधायरे. मग कदिरनं आपल्या बायकोला कांजीवरम नेसवून पेजसाठी डोसा घालायला उभं केलं. नखं अशी लांब की उलथनं धरता येईना. खाली पहिलीच प्रतिक्रिया आली, ‘या बाईंना आधी कुणीतरी जेवायला घाला.’ ती मी पुसून टाकली. दुसरी त्याहून वाईट होती.

दिवाळीला कदिरनं मला केबिनमध्ये बोलावलं. ‘पोंगलपर्यंत दहा हजार फॉलोअर. झाले तर झाले. नाहीतर पेज बेंगलोरच्या एजन्सीला देतो.’

‘आणि मी?’

‘तू बघ काय ते.’

बघायचं काय, कपाळ? नवऱ्याचा यंत्रमाग सहा महिने बंद होता. घर माझ्या पगारावर चालत होतं, आणि चलनांच्या खुर्चीवर आता दुसरी बसली होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला तिरुप्पूरचा माणूस सापडला. ‘भारतातले पाहिजेत तर महाग पडतील, बाहेरचे स्वस्त,’ म्हणाला, जणू वांगीच विकत होता. मी स्वस्तातले घेतले. दोन दिवसांत दहा हजार सहाशे! कदिर कामानिमित्त परत बेंगलोरला गेला होता, तिथूनच त्यानं अंगठा पाठवला. तो आकडाच बघतो, त्याच्या खालचं कधी बघत नाही. मी देवळात जाऊन नारळ फोडला. मुरुगनानं तो घेतला असेल की नाही, देव जाणे.

कदिर बघत नाही, पण त्याचे वडील बघतात. नाचिमुत्तु अय्या. वय चौऱ्याहत्तर, धोतरासारखी पांढरी वेष्टी, कपाळावर भस्माचे पट्टे. विकलेल्या प्रत्येक ग्राइंडरचं वॉरंटी कार्ड ते दर शुक्रवारी पूजेनंतर स्वतः वाचतात. नाव, गाव, सही. ‘कांगेयमची सरोजा, हिचं हे दुसरं मशीन, पहिलं लेकीला दिलं असणार,’ असं त्यांचं चालू असतं. त्या शुक्रवारी त्यांनी मला हाक मारली, नेहमीसारखी ‘कण्णू’, म्हणजे लाडानं ‘बाळ’.

‘कण्णू, दहा हजार लोक आपल्यामागं आलेत म्हणे फोनवर. मग त्यांची नावं मला कुणी का दाखवत नाही? छापून आण.’

मी टाळाटाळ केली. प्रिंटरला शाई नाही म्हटलं. अय्यांनी माणूस पाठवून शाई आणवली. शेवटी दोनशे नावं छापून, फोटोसकट, त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि दाराजवळ उभी राहिले, म्हणजे पळायला सोपं.

‘फर्नांडो,’ अय्यांनी वाचलं. ‘कोस्टा. रोड्रिगो. परेरा. परत फर्नांडो.’ चष्मा काढला, वेष्टीच्या टोकाला पुसला, परत लावला. मला वाटलं, आता विचारणार, ही कुठली माणसं धरून आणलीस. पण अय्यांनी वर बघितलं तर चेहऱ्यावर दिवाळी.

‘अगं, हे तर सगळे तुतिकोरिनचे!’

तुतिकोरिनच्या किनाऱ्यावरचे कोळी पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झाले, तेव्हापासून तिथं गल्लोगल्ली फर्नांडो आणि कोस्टा. हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. मी घेतलेली माणसं ब्राझीलची होती.

‘हा बघ,’ अय्यांनी एका उघड्याबंब माणसाच्या फोटोवर बोट ठेवलं. त्याच्या हातात हातभर मासा होता आणि मागं समुद्र. ‘होडीवरनं नुकताच उतरलाय. मासे मारतो बिचारा, आणि आपलं पेज बघतो. आणि हा मेहमेत, हा कायलपट्टणमचा. तिथं मुसलमान आहेत, तुतिकोरिनपासून जवळच.’

‘अय्या, ते...’

‘पंचेचाळीस वर्षांत तुतिकोरिनला आपलं एक मशीन खपलं नाही, कण्णू. एक नाही! तिथले दुकानदार मला दारात उभं करत नाहीत. आणि हे दहा हजार लोक मुकाट्यानं आपल्यामागं येऊन उभे राहिलेत, आणि आपण त्यांना साधं पाणी विचारलं नाही!’ म्हाताऱ्याचे डोळे भरून आले हो. डोळे भरलेल्या माणसाला ब्राझील कसं सांगायचं? मी नाही सांगितलं.

तिथल्या तिथं बेत ठरला. नाताळच्या आधीच्या रविवारी तुतिकोरिनला हॉल घ्यायचा, ग्राइंडर मांडायचे, आणि सगळ्या फॉलोअरना सांबार-चटणीसकट इडलीचं जेवण घालायचं. दहा हजारांतले पाचशे तरी येतील, हा अय्यांचा हिशेब. कदिरला फोन गेला. तोही खूश, त्याला तुतिकोरिनचा बाजार हवाच होता. मला हुकूम झाला, पेजवर आवतन टाक. मी टाकलं. ‘सहकुटुंब सहपरिवार यावे.’ खाली त्रेचाळीस लाल बदाम आले, सगळे ब्राझीलचे. एकानं दंड फुगवलेला हात पाठवला.

‘हा काय म्हणतो?’ अय्यांनी विचारलं.

‘काय की, अय्या.’

‘दंड दाखवतोय. म्हणजे वाढायला मदत करतो म्हणतोय. चांगल्या घरचा आहे.’

खरं सांगायची संधी मला तीनदा मिळाली, खोटं कशाला बोलू. एकदा हापिसात, एकदा हॉलचे पैसे भरताना, आणि एकदा टेम्पोत, सात तासांच्या रस्त्यात. तिन्ही वेळा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा भलतंच बाहेर पडलं. टेम्पोत तर मी म्हणाले, ‘अय्या, खिडकी लावू का?’ शेजारी वडिवक्का बसली होती. ही आमच्या कारखान्याची खरी परीक्षक. प्रत्येक नवीन नमुन्यात आधी तिनं पीठ वाटायचं, तिच्या हातानं कालवायचं, आणि इडली फुगली तर मशीन पास. आमच्याकडं पिठाला हात लागावा लागतो, हाताच्या गुणानं पीठ येतं, म्हणजे फुगतं, आणि वडिवक्काच्या हाताला तो गुण आहे. जिभेलासुद्धा आहे, पण वेगळा.

‘तुझं तोंड का उतरलंय गं?’ ती म्हणाली. ‘पाचशे लोकांचं पीठ मी वाटणार आणि घाम तुला?’

‘अक्का, कुणी आलंच नाही तर?’

‘फुकटच्या इडलीला? माझा नवरा वर गेलाय, तोसुद्धा येईल.’

शनिवारी दुपारपासून चार मोठ्या मशीनवर चाळीस किलो तांदूळ वाटला. वडिवक्कानं कोपरापर्यंत हात घालून पीठ कालवलं. समुद्राकाठच्या त्या खाऱ्या उकाड्यात पीठ असं आलं की रविवारी सकाळी पातेल्यांची झाकणं वर उचललेली. हॉलच्या दारात अय्यांनी स्वतः मेज मांडलं होतं, चंदनाची वाटी, खडीसाखर, गुलाबपाण्याची झारी. लग्नाला असतं तसं सगळं. एक हारसुद्धा आणला होता, तो मासेवाल्यासाठी.

आठ वाजले. कुणी नाही.

‘चर्चमध्ये असतील,’ अय्या म्हणाले. ‘आज रविवार.’

नऊ वाजले. समोरच्या रस्त्यानं लोक चर्चमधून परतत होते, नव्या कपड्यांत, पोराबाळांसकट. घरांवर कागदी चांदण्या टांगलेल्या. एकानंही हॉलकडं मान वळवली नाही. अय्या हसून हात जोडायचे आणि माणूस पुढं निघून जायचा. पाचसहा वेळा असं झालं. पाचशे रिकाम्या खुर्च्या, चार पंखे, आणि तो म्हातारा झारी घेऊन दारात उभा. सातव्यांदा त्यांनी हात जोडले तेव्हा माझ्यानं बघवेना. मला माझीच इतकी शिसारी आली की वाटलं, नोकरी गेली चुलीत.

‘अय्या, कुणी येणार नाही,’ मी म्हणाले. ‘ते तुतिकोरिनचे नाहीत. ब्राझीलचे आहेत. मी विकत घेतलेत. साडेतीन हजाराला.’

अय्यांनी रस्त्याकडं एकदा बघितलं. मग झारी मेजावर ठेवली.

‘सगळे?’

‘दहा हजार.’

‘तो मासेवाला?’

‘मासा खरा असेल, अय्या. माणूस तिकडचा.’

‘आणि मेहमेत?’

‘तो बहुतेक तुर्कस्तानचा.’

‘ब्राझीलमध्ये इडली खात नाहीत,’ अय्या म्हणाले.

‘नाही, अय्या.’

मी रडायला लागले. वडिवक्का आतून झारा घेऊन आली, तिनं सगळं ऐकलं होतं. ‘भवाने! चाळीस किलो तांदूळ वाटायला लावलास ब्राझीलसाठी?’ ती ओरडली. ‘माझे खांदे बघ, खांदे!’

‘वडिवू, गप,’ अय्या म्हणाले. मग माझ्याकडं वळले. ‘मला राग आलाय, कण्णू. फार आलाय. नोकरीसाठी केलंस ते कळलं. पण महिनाभर तू मला नावं वाचू दिलीस. मी रोज वाचायचो ती. त्या मासेवाल्याच्या होडीचं नाव काय असेल म्हणून विचार करायचो. हे तू बघत होतीस.’

यापेक्षा मार परवडला असता.

अय्या खुर्चीत बसले, पुन्हा उठले, आत जाऊन पातेल्याचं झाकण उघडून पीठ बघून आले. परत आले तेव्हा चाल बदललेली होती.

‘चूक माझीपण आहे,’ ते म्हणाले. ‘फोनवर आवतन देतं का कुणी? कोइम्बतूरला माझा सख्खा भाऊ फोनवर बोलावलं तर येणार नाही, आणि मी परक्या गावाला फोनवर बोलावून दारात हात जोडून उभा! पीठ थांबणार नाही. ताट घे.’

‘कसलं ताट?’

‘आवतनाचं. चंदन, खडीसाखर, पानसुपारी. घरोघर जायचं. दहा हजार विकत घेतलेस ना? आता शंभर मिळव. पायांनी.’

तर अशी माझी वरात निघाली. पुढं मी ताट घेऊन, मागं अय्या. पहिल्या चार घरांत लोकांनी देणगी मागायला आलेत समजून दार लावलं. पाचव्या घरी एक बाई पायरीवर बसून मासा साफ करत होती. साठीची, अंगानं भक्कम, केसांत मोगरा. दारावर पाटी, ‘मच्छाडो’.

‘वणक्कम अक्का,’ मी म्हणाले. ‘कोइम्बतूरहून आलोय. इडली खायला चला.’

‘कोइम्बतूरहून इडली घेऊन आलात?’ तिनं सुरी खाली ठेवली. ‘का? इथं तांदूळ पिकत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला?’

‘फुकट आहे, अक्का.’

‘फुकट? मग नक्कीच काहीतरी खोट आहे. काय विकता?’

‘ग्राइंडर,’ अय्या मागून म्हणाले.

‘हां! आता खरं बोललात.’

मी सवयीनं म्हणून गेले, ‘आणि फोनवर आमच्या पेजला फॉलो पण करा.’

‘अगं, चाळीस वर्षं झाली, मी नवऱ्याच्या मागं कधी चालले नाही. तुझ्या ग्राइंडरच्या मागं चालू?’ आणि अशी हसली की शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. हिचं नाव पुष्पम. त्या गल्लीत तिच्या शब्दाबाहेर कुणी नाही हे मला नंतर कळलं.

तेवढ्यात अय्या पुढं झाले. वाकून ताट दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरलं. ‘ताई, मी नाचिमुत्तु. पाचशे लोकांचं पीठ आलंय आणि खायला माणूस नाही. माझी लाज राखा,’ म्हणाले. बस, एवढंच. मशीनचं नाव नाही, किंमत नाही, काही नाही.

पुष्पमनं हात पदराला पुसले. चंदनाचं बोट गळ्याला लावलं, खडीसाखर तोंडात टाकली. ‘असं घरी येऊन बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं?’ ती म्हणाली. मग गल्लीच्या तोंडाशी जाऊन तिनं जी हाळी घातली, ती होडीवरच्या लोकांनीसुद्धा ऐकली असेल. ‘ए सेल्वी! ए ज्ञानम! उठा गं! कोइम्बतूरच्या म्हाताऱ्याचं पीठ वाया चाललंय!’

साडेअकराला हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. येताना बायकांनी घरून कालच्या माशाच्या कालवणाची पातेली आणली. ‘तुमची चटणी राहू दे, आजाऱ्याला द्या,’ पुष्पम म्हणाली. अय्यांनी सोवळंओवळं गुंडाळून ठेवलं आणि माशाच्या कालवणाबरोबर सहा इडल्या चेपल्या. वडिवक्काला तर बायकांनी घेरलंच. ‘तुमचा हात दाखवा,’ ‘डाळ किती?’ ‘मेथी घालता का?’ ती प्रत्येकीचा तळवा हातात घेऊन, ज्योतिषी बघतो तसा, पिठाचं भविष्य सांगत होती. तो मासेवाल्याचा हार शेवटी पुष्पमच्या गळ्यात पडला. मी वाढत होते आणि ओरडा खात होते.

संध्याकाळपर्यंत एकोणीस ग्राइंडर गेले. जाताना बऱ्याच बायकांनी पेजलाही फॉलो केलं. मी कुणाला पुन्हा सांगितलं नव्हतं, वडिवक्कानं सांगितलं होतं. ‘पीठ आलं नाही तर तिथं लिहा, ही पोरगी उत्तर देईल. तिला दुसरं काम नाही.’

परतल्यावर अय्यांनी एकच गोष्ट सांगितली. ‘ज्यांना आपण घरी जाऊन बोलावलं नाही, त्यांना घरी पाठव. त्या बिचाऱ्यांना ठाऊकही नसेल की ते कोइम्बतूरला एका ग्राइंडरमागं उभे आहेत.’

दहा हजार माणसं एकेक करून हाकलायची म्हणजे गंमत नाही. आठ दिवस माझं बोट आणि त्यांची नावं. वडिवक्का शेजारी बसून निरोप द्यायची. ‘जा बाबा रोड्रिगो, सुखानं जा. कोस्टा, तूपण जा, आईला सांभाळ.’ मासेवाला शेवटी राहिला. मी अय्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘त्यालाही जाऊ दे, होडी खोळंबली असेल.’

सगळे गेल्यावर पेजवर राहिले नऊशे बारा.

भोगीच्या दिवशी, म्हणजे पोंगलच्या आदल्या दिवशी, कदिर आला. घरोघर जुनंपानं जाळत होते, हापिसात धूर शिरलेला. तो फोन हातात घेऊनच माझ्या मेजापाशी आला आणि मला धुरानं ठसका लागला की भीतीनं ते सांगता येत नाही.

‘नऊशे? तेन्मोळी, दहा हजार सहाशे होते! कुठं गेले?’

‘घरी,’ मी म्हणाले. मग त्यालाही सगळं सांगितलं. एकदा खरं बोलायची सवय लागली की तोंड आवरत नाही. सांगून झाल्यावर खणातून लिहून ठेवलेला राजीनामा काढून मेजावर ठेवला. ‘तुम्ही म्हणाला होतात, पोंगलपर्यंत. नाही झाले. माझं चुकलं.’

कदिर काही वाईट माणूस नाही. त्याचा चेहरा पडला. पण तो पेज वरून खाली बघत होता आणि बघता बघता चिडत गेला. ‘आणि हे काय आहे? हे काय लिहिलंय लोकांनी? अप्पा! अप्पा, इकडं या, कंपनीची अब्रू गेली!’

अय्या आले. मागोमाग वडिवक्का, कारण कुठं आरडाओरडा झाला आणि ती नाही असं होत नाही.

‘वाच,’ अय्या म्हणाले.

‘वाचण्यासारखं नाही. शिव्या आहेत.’

‘वाच म्हणतो ना.’

कदिरनं वाचलं. ‘झाकण नाचतं. वायर आखूड आहे, बटनापर्यंत पोचत नाही, मी मशीन न्हाणीघरात ठेवू का? आवाजानं सासू उठते. हॉलमध्ये इडली मऊ होती, घरी दगड झाली, ती बाई पाठवा. तुमच्या माणसानं कापडी पिशवी कबूल केली होती, दिली नाही, खोटारडे, पुष्पम मच्छाडो.’ तो थांबला. ‘अशा बावीस आहेत. बेंगलोरवाले एका तासात पुसून टाकतील, मी आत्ता...’

‘हात लावू नकोस!’ अय्यांचा आवाज असा चढला की बाहेर पॅकिंगवाले थांबले. ‘कितीजणी म्हणालास?’

‘बावीस.’

‘आपण तिथं मशीन विकली किती?’

मी म्हणाले, ‘त्या दिवशी एकोणीस, अय्या. मग त्यांच्या सांगण्यावरून आणखी बारा गेली.’

‘एकतीस मशीन आणि बावीस तक्रारी!’ अय्यांनी कदिरच्या हातून फोन ओढून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि एकेक अक्षर लावत स्वतः वाचायला लागले. सासू उठते तिथं पोचले तेव्हा मोठ्यानं हसले. ‘कदिर, दहा हजार माणसं होती आपल्यामागं. एकानं तरी म्हटलं का, झाकण नाचतं म्हणून? बदाम पाठवत होते नुसते. मला तेव्हाच कळायला हवं होतं. जो घरी मशीन नेतो तो भांडतो. ज्यानं बायको घरी आणलीय त्याला विचार.’

‘अप्पा, पण बाकीचे लोक हे वाचतील ना!’

‘वाचू देत. खाली उत्तरही वाचतील.’ मग ते माझ्याकडं वळले. ‘कण्णू, बस. पिशवीपासून सुरू कर. पुष्पमताईंना नावानं लिही, आणि पिशवी उद्याच्या उद्या गेली पाहिजे. वायर आखूड आहे हे खरंय, मी दोन वर्षं सांगतोय. कदिर, ते तुझ्याकडं.’

कदिर वायरची लांबी बघायला खरंच मशीनपाशी गेला.

‘अय्या, तो राजीनामा,’ मी म्हणाले.

अय्यांनी कागद उचलला, नीट वाचला, चौघडी घातली आणि भिंतीतल्या कपाटात ठेवला. ‘तक्रारी संपल्या की मंजूर करतो,’ म्हणाले आणि वेष्टी सावरत निघून गेले.

मी खुर्चीत बसून पेज उघडलं. हसू की रडू कळेना. वडिवक्का अजून तिथंच उभी होती, कमरेवर हात ठेवून.

‘अक्का,’ मी विचारलं, ‘तक्रारी कधी संपतात गं?’

‘मला काय विचारतेस?’ ती म्हणाली. ‘माझा राजीनामा एक्क्याण्णव सालापासून त्याच कपाटात आहे.’